चुलीत न गेलेली कादंबरी

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे सदरबाई म्हणत. बावीस वर्षं त्या रविवारच्या पुरवणीत एकच सदर लिहीत आल्या होत्या. गाजलेलं एखादं पुस्तक घ्यायचं आणि ते लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य साडेसातशे शब्दांत सांगायचं. कुणी तुरुंगात लिहिलं, कुणी दवाखान्यात, कुणी बायकोच्या शिवणयंत्रावर फळी टाकून. वाचकांना पुस्तकं आवडत होतीच. पण पुस्तकामागच्या भानगडी जास्त आवडत होत्या, आणि हे सदरबाईंना पक्कं ठाऊक होतं. पुरवणीचे संपादक सुरुवातीलाच म्हणाले होते, "जन्मला, लिहिलं, मेला, हे शाळेतल्या बाई सांगतातच. तुम्ही शेवटी चटका द्या." तेव्हापासून त्यांच्या लेखाची शेवटची ओळ हीच त्यांची ख्याती झाली. लोक पुरवणी उघडून आधी शेवट वाचत.

सोळा वर्षांपूर्वी त्यांनी 'तीनशे दारं' या कादंबरीवर लिहिलं होतं. कादंबरी लिहिणारा पाणीखात्यात मीटर वाचायला होता. काखेत वही, हातात बॅटरी, रोज तीस-चाळीस घरांची दारं ठोठावायची, आकडा टिपायचा आणि पुढं. त्या नोकरीत त्यानं जे पाहिलं ते सगळं पुस्तकात आलं. एकदम वेगळंच पुस्तक. वाचक त्याला प्रेमानं मीटरवाला म्हणू लागले. त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. दुसरी कादंबरी त्यानं लिहिली होती असं सगळेच म्हणत, पण ती कुणी पाहिली नव्हती.

त्याच्याबद्दल चौकशी करायला सदरबाई छापखानेवाल्याकडे गेल्या होत्या. पहिली आवृत्ती त्याच्याच छापखान्यात निघाली होती. छापखानेवाला गोष्टीवेल्हाळ माणूस. मीटरवाला प्रुफं तपासायला यायचा तेव्हा आधी नळाचा मीटर बघायचा, मग प्रुफं, असं तो हसत हसत सांगत होता. सदरबाईंनी दुसऱ्या कादंबरीचं विचारलं. तो म्हणाला, "कुठं गेली कोण जाणे. बायकोनं घातली असेल चुलीत." आणि पुढच्या गोष्टीकडे वळला.

आपण नाही का म्हणत, घाल ते चुलीत, चुलीत गेलं ते काम. तसंच तो बोलला होता. सदरबाईंनाही ते त्याच वेळी कळलं होतं, आणि त्यांना पुढं छळत राहिलं ते हेच. पण ओळ जबरदस्त होती. लेख लिहून झाला तेव्हा शेवटी त्यांनी लिहिलं, 'त्याची दुसरी कादंबरी त्याच्या बायकोनं चुलीत घातली असेल.' पानं लावणारा म्हणाला, "बाई, एक शब्द खाली पडतोय. एका शब्दासाठी नवी ओळ घ्यावी लागतेय." सदरबाईंनी वाक्याकडे पाहिलं आणि 'असेल' काढून टाकला. ओळ बसली. चटकाही बसला.

बारा दिवसांनी एक पत्र आलं. रेघी कागदावर, शाळेतल्या मुलीसारख्या ठळक अक्षरात. 'मी त्यांची बायको. मी कादंबरी जाळली नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पत्ता खाली आहे.' बस, एवढंच. शिव्या नाहीत, धमकी नाही. सदरबाईंनी ते संपादकांना दाखवलं. संपादक म्हणाले, "हो म्हणून कोण कबूल करणार आहे? लेखकांच्या बायका असंच लिहितात. ठेवा बाजूला." त्यांनी ठेवलं. खणात सगळ्यात खाली, जुन्या डायऱ्यांच्या आत. नंतर निवडक लेखांचं पुस्तक निघालं, त्याला पुरस्कार मिळाला. मग 'तीनशे दारं'मधला एक उतारा नववीच्या पाठ्यपुस्तकात गेला आणि उताऱ्याखालच्या लेखक-परिचयात ती ओळ जशीच्या तशी उतरली. कचेरीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. सदरबाईही हसल्या. घरी जाऊन मात्र त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. ॲसिडिटी झालीय, असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, एका प्रकाशिकेचा फोन आला. 'तीनशे दारं'ला पन्नास वर्षं होत होती, नवी आवृत्ती काढायची होती, आणि प्रस्तावना सदरबाईंनीच लिहावी अशी तिची इच्छा होती.

"फक्त एक अडचण आहे," प्रकाशिका म्हणाली. "हक्क त्यांच्या पत्नीकडे आहेत. प्रस्तावना कोण लिहिणार असं त्यांनी विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना आधी माझ्याकडे पाठवा, मग मी सही करते. बहुतेक तुमच्या वाचक असाव्यात."

"हो, असतील," सदरबाई म्हणाल्या.

पत्ता शोधायची गरज नव्हती. तो खणात होता. कचेरीपासून बसनं चार थांबे. सोळा वर्षं त्या रोज त्याच बसनं त्या थांब्यावरून पुढं जात होत्या.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार उघडलं ते ठेंगण्या, सडसडीत, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईंनी. वय ऐंशीच्या घरातलं, पण पाठ ताठ. गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या कपडेखान्यात चादरी आणि डॉक्टरांचे कोट दुरुस्त केले होते, आणि अजूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांचं शिवण घेत होत्या. खिडकीशी यंत्र, यंत्रावर अर्धी उसवलेली पँट.

"या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ना त्या चुलीवाल्या?"

सदरबाई उंबऱ्यातच थिजल्या. तयारी करून आणलेली सगळी वाक्यं जिभेवरून घसरली. "काकू, मी..." एवढंच तोंडातून आलं.

"आत या, दार उघडं ठेवलं की धूळ येते. बसा." काकूंनी खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलले. "मला एक सांगा. आमच्याकडे चूल कधी नव्हतीच. लग्न झालं तेव्हापासून रॉकेलचा स्टोव्ह. साडेचारशे पानं मी स्टोव्हवर जाळायची कशी? एक-एक पान धरून? माझा स्वयंपाक कधी व्हायचा?"

त्यांच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा. खरंच कुतूहल असल्यासारखं त्या विचारत होत्या, आणि म्हणूनच सदरबाईंना मान वर करवेना. त्यांना वाटलं, या बाईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचं पत्र मला मिळालं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. दुसरं काहीही बोलण्याआधी हे सांगायलाच हवं होतं.

"मिळालं असणारच. मी रजिस्टरनं पाठवलं होतं. पोचपावती आहे माझ्याकडे."

काकूंनी चहा ठेवला. स्टोव्ह आता गॅसचा होता. मग काकूंनी यंत्राच्या स्टुलावर बसून सांगितलं ते असं.

'तीनशे दारं' निघाली आणि गाजली तेव्हा मीटरवाला हवेत होता. सहा महिने. कादंबरीत एक घर होतं, तळमजल्यावरचं. नवरा बायकोला नळ चालू करून मारायचा, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. मीटरवाल्याला ते कळलं होतं आकड्यावरून. त्या घरात दोनच माणसं आणि पाणी दहा माणसांचं. त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं होतं, दाराचा रंगसुद्धा बदलला नव्हता. पुस्तकाचं ते पान लोक एकमेकांना वाचून दाखवत. एके दिवशी तो वही घेऊन त्याच दारात उभा राहिला. बाईनं दार उघडलं. ओळखलं. "आमचं छापलंत," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात ते घर रिकामं झालं. ती बाई कुठं गेली, जगली की मेली, कुणालाच कळलं नाही.

"त्यानं खूप शोधलं," काकू म्हणाल्या. "मग साहेबांना सांगून बदली घेतली, डेपोत. दारं नकोत म्हणाला. पण दुसरी कादंबरी तेव्हा लिहून होत आली होती. त्यातही अशीच घरं. खरीच. एका दुपारी मी कामावरून आले तर हा न्हाणीघरात, समोर मोठा टब, आणि एक-एक पान पाण्यात बुडवतोय. शाईची पानं. सगळं पाणी निळं. मी ओरडले, हात घातला. तो म्हणाला, राहू दे, ही माझी नाहीत. मी ऐकलं नाही. हाताला येतील ती पानं काढली आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. चड्ड्या-बनियनच्या मध्ये. सदतीस पानं बचावली."

"आहेत?" सदरबाईंच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःचीच किळस आली. इतकं ऐकल्यावरही आत कुठंतरी सदर लिहिणारी बाई कान टवकारून बसली होती.

काकूंनी कपाट उघडलं. इस्त्रीच्या चादरींखालून एक कापडी पिशवी काढली आणि दोरी सोडून दुरून दाखवली. कडक, लहरदार पानं, पापडासारखी. अक्षरांच्या जागी निळे डाग, मधूनच एखादी ओळ शाबूत.

"पाहून घ्या. वाचायला देणार नाही. मी पण वाचलेली नाहीत. त्याला नको होतं." त्यांनी दोरी पुन्हा बांधली. "वाचवली का मग, असं तुम्ही विचाराल. नवऱ्यानं दोन वर्षं बसून काही केलं आणि ते डोळ्यांदेखत गटारात जातंय, तर बायको हात घालणारच की."

सदरबाईंनी हात जोडले. "काकू, मी प्रस्तावनेत सगळं खरं लिहीन. पेपरात खुलासा देईन. पाठ्यपुस्तकवाल्यांना लिहीन."

"लिहा. पण प्रस्तावना वाचतं कोण?" काकू म्हणाल्या. "माझं दुसरं काम आहे. त्यासाठी बोलावलं."

त्यांना एक मुलगा होता. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं, दोन तासांवरच्या गावात. बाप गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा. लहानपणचं त्याला एवढंच आठवायचं, की एके दिवशी न्हाणीघरात आई-बाबांचं मोठं भांडण झालं आणि त्यानंतर बाबा गप्प झाले ते कायमचे. का, ते त्याला कधी कळलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी त्यानं पेपर आणून आईपुढं टाकला. खरं का, म्हणून विचारलं. आई नाही म्हणाली. तो म्हणाला, मग एवढ्या मोठ्या पेपरात छापलं कसं?

"येतो की," काकू म्हणाल्या. "वर्षाकाठी दोनदा. पाया पडतो, औषधं देतो, जातो. माझ्या हातचं पाणी पितो, पण बसत नाही. मी त्याला दहादा सांगितलं. आईचं तोंड आणि पेपरचं तोंड, त्यानं पेपरचं धरलं. तेव्हा तुम्ही जा. तुमच्या तोंडानं सांगा. मग मी सही करते."

सदरबाईंना रात्रभर झोप नव्हती, पण सकाळी सातच्या बसमध्ये त्या बसल्या. वाटेत दोनदा वाटलं उतरावं, पत्र लिहावं. पत्रं बाजूला ठेवता येतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या उतरल्या नाहीत.

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. बावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल पडलेला माणूस एका शाळामास्तरांचा चष्मा नाकावर बसवून बघत होता. मास्तर गेल्यावर त्यानं विचारलं, "नंबर काढायचाय?"

"नाही. मी तुमच्या वडिलांवर लेख लिहिला होता."

त्याचा चेहरा उजळला. तो लगबगीनं काउंटरबाहेर आला, स्टूल पुसलं. "तुम्ही? अहो, बसा ना. माझ्याकडे ते कात्रण आहे अजून. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली एक गाठ तुम्ही सोडवलीत. बाबा असे का झाले, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

सदरबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "ते खोटं होतं."

तो हसरा चेहरा तसाच राहिला, विझायला वेळ लागला.

"तुमच्या आईनं काही जाळलं नाही. वडिलांनी स्वतः पानं पाण्यात बुडवली. आईनं ती वाचवायला पाण्यात हात घातला. भांडण त्यावरून झालं. मला एकानं गमतीनं म्हटलं होतं, चुलीत घातली असेल. मी ते खरं म्हणून छापलं. विचारायला गेले नाही. नंतर तुमच्या आईचं पत्र आलं, तेही दाबून ठेवलं."

"का?" त्यानं विचारलं.

सोळा वर्षं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायचा टाळला होता. "ओळ चांगली होती," त्या म्हणाल्या.

एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. त्यानं त्यांना हातानंच थांबवलं, मग "उद्या या" म्हणून परत पाठवलं. काउंटरच्या काचेवर दोन्ही पंजे टेकवून तो उभा राहिला. सदरबाईंना वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं अशी त्यांची इच्छाच होती.

"तुमची मला ओळखसुद्धा नव्हती," तो हळू म्हणाला. "आणि तुमचं मी मानलं. ती सांगत होती, मी तिचं ऐकून घेत होतो, कीव केल्यासारखं. म्हातारी आता काय कबूल करणार, म्हणून." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही तुमचं सांगून मोकळ्या झालात. मी आता कुठल्या तोंडानं तिच्यापुढं जाऊ, ते सांगा."

माफी मागावी म्हणून सदरबाईंनी हात जोडले, पण त्यानं पाठ फिरवली होती आणि तो खोक्यातल्या काचा उगाचच एकीवर एक रचत होता. त्या बाहेर पडल्या. बसथांब्यावर ऊन मी म्हणत होतं. शेजारी आडोसा होता तरी त्या उन्हातच उभ्या राहिल्या.

काकूंनी सही केली. पेपरात खुलासा आला, सातव्या पानावर, निविदा-सूचनांच्या शेजारी, बोटभर. नवे संपादक म्हणाले होते, "इतकी वर्षं झाली बाई, कशाला आपणच आपली लाज काढायची?" सदरबाईंनी हट्ट धरला म्हणून तेवढा तरी आला. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. पाठ्यपुस्तक मंडळानं कळवलं, की पुढील फेररचनेच्या वेळी विचार करण्यात येईल. म्हणजे यंदाही हजारो मुलं ती ओळ पाठ करणार होती, आणि रिकाम्या जागा भरा मध्ये 'चुलीत' लिहून एक गुण मिळवणार होती.

नव्या आवृत्तीचं प्रकाशन एका वाचनालयाच्या सभागृहात झालं. दीडशे-पावणेदोनशे माणसं. काकू पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या साडीत. सदरबाईंनी व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा दाराकडे पाहिलं. भाषणाला उभं राहायची वेळ आली तेव्हा चष्मेवाला आला. एकटाच. पुढं आला नाही, शेवटच्या रांगेमागं भिंतीला टेकून उभा राहिला.

सदरबाईंनी लिहून आणलेला कागद घडी घालून ठेवला आणि झालं तसं सांगितलं. छापखानेवाल्याचं बोलणं, काढून टाकलेला शब्द, खणातलं पत्र. तळमजल्यावरच्या घराबद्दल आणि कापडी पिशवीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. "कादंबरी लेखकानं स्वतः नष्ट केली," त्या म्हणाल्या. "का, ते मला माहीत आहे, पण ते माझं सांगायचं नाही. त्यांच्या पत्नीवर मी सोळा वर्षं खोटा आळ ठेवला. त्यांची मी सगळ्यांदेखत माफी मागते."

मग टाळ्या. आधी एक-दोन, मग सगळं सभागृह. प्रकाशिका डोळे पुसत होती. कुणीतरी उठून उभं राहिलं, मग दुसरं. शेजारच्या खुर्चीवरचे अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "काय शेवट केलात हो. असा प्रामाणिकपणा आता कुठं पाहायला मिळतो?"

आजवर लाज वाटली होती ती एकांतात, बंद खणापुढं, बसच्या खिडकीत. आता दीडशे माणसं त्याच गोष्टीसाठी आपलं कौतुक करताहेत हे पाहून त्यांचे कान तापले, हात कुठं ठेवावा कळेना. त्यांनी टाळ्या थांबवायला हात वर केला. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या.

काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या मान वळवून मागं बघत होत्या. सदरबाईंनी त्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. चष्मेवाला भिंतीपासून निघून मधल्या वाटेनं पुढं येत होता, उभ्या राहिलेल्या लोकांतून वाट काढत. पहिल्या रांगेपाशी येऊन तो थांबला. आईशेजारची खुर्ची पाहुण्यांसाठी राखलेली होती, त्यावर कागद चिकटवलेला. त्यानं कागद काढून हातात धरला, आणि परवानगी मागावी तसा उभा राहिला.

"बस की," काकू म्हणाल्या. तो बसला.

सदरबाई व्यासपीठाच्या मागच्या दारानं खाली उतरल्या. जिन्यात त्यांच्या हातात कुणीतरी फुलांचा गुच्छ कोंबला होता. तो त्यांनी वाचनालयाच्या टेबलावर, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी ठेवला, आणि कुणी हाक मारण्याआधी रस्त्याला लागल्या.